ऐकतो, पण ऐकत नाही

ज्यांना हा भाग कानांनी ऐकता आला नाही, किंवा ऐकून पुन्हा डोळ्यांखालून घालायचा आहे, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे तो लिहून देत आहे. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, थोडीफार काटछाट केलीय.

आजचे शास्त्रभाग दोन. यहेज्केल अध्याय ३३, वचनं ३० ते ३३. आणि यिर्मयाचा अध्याय ३६, संपूर्ण. जमलं तर इथेच थांबा, दोन्ही वाचा आणि मग पुढे या. घाई नाही.

सुरुवात एका साध्या शब्दापासून करते. मराठीत ‘ऐकणं’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आई म्हणते, “मुलगा अजिबात ऐकत नाही हो,” तेव्हा ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेणार नसते. त्याच्या कानावर शब्द पडलेत, पण तो जागचा हललेला नाही, असं तिला म्हणायचं असतं. इब्री भाषेतही असंच आहे. ‘शमा’ म्हणजे ऐकणं, आणि ‘शमा’ म्हणजेच मानणं, त्याप्रमाणे करणं. इस्राएल लोक रोज जी प्रार्थना म्हणत आले तिचा पहिला शब्द हाच. म्हणजे शास्त्राच्या भाषेत जो ऐकून तसाच बसून राहतो, त्याने ऐकलेलंच नाही. आपल्या आयांना हे इब्री न शिकता माहीत आहे.

आता यहेज्केलाकडे या. बाबेलच्या बंदिवासातले लोक भिंतीपाशी, दारात उभे राहून एकमेकांना म्हणतात, चल, आज परमेश्वराकडून काय आलंय ते ऐकू या. येतात, नीट बसतात. कुणी गोंधळ घालत नाही, दगड मारत नाही, उठून जात नाही. अगदी आदर्श मंडळी! आणि देव संदेष्ट्याला काय सांगतो? की बाबा, तू त्यांना एखाद्या चांगल्या गळ्याच्या, वाद्य छान वाजवणाऱ्या गवयासारखा आहेस. ते तुझे शब्द ऐकतील, पण करणार काही नाहीत.

मला हा भाग छळाच्या गोष्टींपेक्षा जास्त घाबरवतो. यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत टाकलं, ते समजतं. तिथे निदान राजाच्या माणसांना कळलं होतं की हा माणूस धोक्याचं बोलतोय. यहेज्केलाच्या श्रोत्यांना मात्र तो आवडतो. आवडणं हीच त्यांची न ऐकण्याची पद्धत आहे.

हे मी धंतोलीत बसून बोलतेय. धंतोली म्हटलं की नागपूरकराला आधी दवाखाने आठवतात, आणि मग यशवंत स्टेडियम. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की मोर्चे तिथून निघतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, शेतकरी, हलबा, धनगर, कधी अंध-अपंगांच्या संघटना. घोषणा देत निघतात, आणि विधान भवनाच्या बऱ्याच अलीकडे, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला किंवा टेकडी रोडवर, बॅरिकेड लागतात. मग निवेदन, शिष्टमंडळ, ‘मंत्रिमहोदयांनी सकारात्मक आश्वासन दिले’. धंतोलीतल्या माणसाला या सगळ्याची इतकी सवय झालीय की डिसेंबरातला पहिला प्रश्न असतो, “आज कुठला रस्ता बंद आहे?” कोण आलंय आणि काय म्हणतंय, हा प्रश्न नंतर. बहुधा येतच नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ला असाच एक मोर्चा आला होता, गोवारी समाजाचा. आपल्याला अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात ही मागणी. बायका होत्या, कडेवर मुलं होती. आपलं म्हणणं ऐकायला कुणीतरी मंत्री येईल म्हणून लोक थांबून राहिले. कुणी आलं नाही. मग लाठीमार, चेंगराचेंगरी, आणि ११४ जीव गेले. आज त्यांच्या नावाचा उड्डाणपूल सीताबर्डीवर आहे, स्मारक आहे. आपण दुचाकीवरून त्या पुलावरून जातो. ऐकलं गेलं नाही म्हणून मेलेल्या माणसांचं नाव आपल्या रोजच्या रस्त्याला आहे, एवढंच सांगून पुढे जाते.

आता ‘संदेष्टा’ या शब्दाबद्दल थोडं, कारण हल्ली त्याचा बाजार झालाय. बॅनर लागतात, ‘भविष्यवाणी सभा’, पाहुणे संदेष्टे येतात, आणि कुणाला व्हिसा मिळेल, कुणाचं घर होईल, कुणाचा प्रमोशनचा महिना आहे, असं नावं घेऊन सांगतात. देव असं काही बोलूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. पण शास्त्रातल्या संदेष्ट्यांची पुस्तकं उघडा आणि त्यातला किती भाग कुणाच्या प्रमोशनबद्दल आहे ते मोजा. अहाब राजाकडे सुमारे ४०० संदेष्टे होते, सगळे एका सुरात होकार देणारे. पाचवा आवाज म्हणून नव्हे, चारशे-एकावा आवाज म्हणून मीखायाला बोलवायची वेळ आली तेव्हा राजा काय म्हणाला? हा माणूस मला आवडत नाही, कारण तो माझ्याबद्दल कधी चांगलं बोलत नाही. किती प्रामाणिक! आपण इतकं उघड बोलत नाही. आपण म्हणतो, “त्यांचा संदेश थोडा नकारात्मक असतो, नाही का?”

आणखी एक गंमत बघा. आपल्या कितीतरी घरांत कॅलेंडरवर यिर्मया २९:११ असतं. कल्याणाचे संकल्प, आशा असलेलं भविष्य. सुंदर वचन आहे. पण ते ज्या पत्रात आहे, त्याच पत्रात त्याच्या अगदी आधीच्या ओळीत सांगितलंय की बाबेलमध्ये ७० वर्षं काढायची आहेत. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना परत घर दिसणार नाही. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा दोन वर्षांत सुटका सांगत होता, आणि लोकांना अर्थातच तो आवडत होता. आपण काय केलं? यिर्मयाचं वाक्य घेतलं आणि हनन्याच्या अर्थाने भिंतीवर लावलं.

असो. आता आपल्या घरात या. मराठी मंडळीत.

नारायण वामन टिळक. नाव घेतलं की आपल्या सगळ्यांच्या ओठांवर एखादं गीत येतं. त्यांचा नागपूरशी संबंध जुना. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते इथे राहिले, १८९१च्या सुमारास ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवलं. १८९३मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १८९५च्या १० फेब्रुवारीला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही साक्ष आपण आवडीने सांगतो. पण टिळकांचं शेवटचं पर्व आपण सांगतो का? १९१७मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली. संन्यस्त वृत्तीने राहायचं ठरवलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. इथलं ख्रिस्तीपण परदेशी पैशाच्या आणि परदेशी अधिकाराच्या कुबड्यांवर चालू नये, हे त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे मिशनला आणि मिशनवर जगणाऱ्या आपल्या लोकांना ते सरळ प्रश्न विचारत होते. १९१९मध्ये ते गेले. मंडळीने त्यांची गाणी ठेवून घेतली, प्रश्न परत पाठवला. यहेज्केल ३३ याहून स्पष्ट कुठे दिसेल? चांगल्या गळ्याचा गवई!

पण आज मला मुख्यतः ज्या माणसाबद्दल बोलायचंय तो ख्रिस्ती नव्हता.

१ जानेवारी १९३८. सोलापूर. तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. १९३५मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं होतं, तेव्हापासून सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडे डोळे लावून बसले होते, आपलेही. तर या भाषणाचा वृत्तांत ‘जनता’ पत्रात ५ फेब्रुवारी १९३८ला आला. त्यांनी सांगितलं की जगातल्या व्यक्तिमत्त्वांपैकी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनी त्यांच्या मनाची पकड घेतली. हे वाक्य आपल्याला पाठ आहे. ख्रिस्ती सभांमधून, नाताळच्या व्याख्यानांमधून, अगदी व्हॉट्सॲपवरसुद्धा फिरतं.

त्याच भाषणात पुढे काय आहे? दक्षिणेतले ख्रिस्ती लोक चर्चमध्ये जातिभेद पाळतात. ख्रिस्ती समाज राजकारणात मागे आहे. महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, तेव्हा पोटासाठी लोक ख्रिस्ती होतात असं म्हणण्यात अर्थ नाही. (हे आपल्या बाजूचं वाक्य, ते आपण ठेवू.) आणि मग ते वाक्य, ज्यासाठी मी हा सगळा भाग बोलतेय: ख्रिस्ती लोक समाज म्हणून सामाजिक अन्यायाच्या निवारणासाठी कधी लढलेले नाहीत.

एक वाक्य, पाहुण्याने, यजमानांच्या तोंडावर, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी.

त्यांनी हेच जास्त सविस्तर लिहूनही ठेवलं होतं. धर्मांतरितांच्या स्थितीबद्दलचा त्यांचा इंग्रजी निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १९८९मध्ये महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात तो आला. त्या मालेचे संपादक वसंत मून, आपल्या नागपूरचे, ‘वस्ती’ लिहिणारे. त्या निबंधातला एक मुद्दा मी गेली काही वर्षं बाजूला ठेवू शकलेली नाही. बाबासाहेब विचारतात की अस्पृश्य माणूस हिंदू होता तेव्हा त्याला सांगितलं गेलं, तुझी ही अवस्था तुझ्या पूर्वकर्मामुळे. तो ख्रिस्ती झाला, आणि आता त्याला सांगितलं जातं, ही अवस्था आदिपापामुळे, पूर्वजांच्या पापामुळे. मग त्याच्या दृष्टीने बदललं काय? दोन्हीकडे दोष त्याच्याच घराण्यात. ज्याने त्याला गावाबाहेर ठेवलं, त्याचं नाव कुठेच नाही.

एका संडे स्कूल शिकवणाऱ्या बाईला हे वाचून काय होत असेल, सांगा. आदाम आणि हव्वेचा धडा मी फळ्यावर चित्र काढून शिकवते. पापाची शिकवण चुकीची आहे, असं मला वाटत नाही. पण संदेष्ट्यांनी पाप म्हटलं की ते तराजूचं माप सांगतात, गरिबाचा गहाण ठेवलेला अंगरखा सांगतात, वेशीत लाच घेणारा न्यायाधीश सांगतात. आमोस नावानिशी बोलतो. आपण पाप म्हटलं की सिगारेट, सिनेमा आणि मनातले विचार. त्या मुलाच्या बापाला गावकुसाबाहेर कुणी ठेवलं, हे आपल्या पापाच्या यादीत येतच नाही. बाबासाहेबांनी बोट ठेवलं ते इथे.

आणखी एक टोचणारी गोष्ट. मिशनने आपली शक्ती कॉलेजांवर आणि दवाखान्यांवर खर्च केली, त्याचा लाभ मुख्यतः वरच्या वर्गातल्या हिंदूंना झाला, आणि गरीब ख्रिस्ती माणसाचं नागरी स्वातंत्र्य आणि त्याची भाकरी तशीच राहिली, असंही त्यांनी लिहिलंय. नागपुरात आपण हे कसं ऐकायचं? स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये इथे आले, १८८३मध्ये त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं, सीताबर्डीचं मूर हॉस्पिटल झालं. आपला सगळा अभिमान या इमारतींत आहे. मला वाटतं अभिमानाला जागा आहे, खूप जणांचं भलं झालंय, अस्पृश्य मुलंही तिथे शिकली. बाबासाहेबांचं हे विधान मला थोडं सरसकट वाटतं. पण ‘सरसकट आहे’ असं म्हणून पान उलटायचं, ही युक्तीच असते, नाही का? एखाद्या कडक वाक्यातला दहा टक्के अतिरेक शोधायचा आणि उरलेल्या नव्वदातून सुटका करून घ्यायची.

तर मंडळीने हे कसं ऐकलं? आपल्याकडे ही गोष्ट हळहळीच्या सुरात सांगतात. “बाबासाहेब ख्रिस्ताच्या किती जवळ आले होते! थोडक्यात राहिलं.” मग त्यांनी बिशप लोकांशी काय चर्चा केल्या, कुणाला काय म्हणाले, याच्या खऱ्या-खोट्या कहाण्या. आणि शेवटी १४ ऑक्टोबर १९५६. आदल्या दिवशी सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात पत्रकारांशी ते बोलले, दुसऱ्या दिवशी लाखो लोकांसह बौद्ध धम्म घेतला. दीक्षाभूमी धंतोलीतून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

या हळहळीत काय लपलंय ते बघा. आपण त्या भाषणाला आपली हुकलेली संधी बनवलं. एवढी मोठी संख्या आपल्याकडे आली असती! तो माणूस आपल्याला विचारत होता की तुम्ही अन्यायाशी कधी लढलात, आणि आपण त्याच्याकडे पाहून डोकी मोजत होतो. अमस्या याजकाची आठवण येते. बेथेलच्या मंदिरात आमोस बोलू लागला तेव्हा अमस्या म्हणाला, तू यहूदात जा, तिथे संदेश दे, तिथे भाकर खा. इथे नको, हे राजाचं पवित्रस्थान आहे. म्हणजे तू आमचा नाहीस. आमोसाने हे नाकारलं नाही. तो म्हणाला, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही. मी गुरं राखतो, उंबरांची निगा ठेवतो. परमेश्वराने बलामाची गाढवी बोलवली, कोरेशसारख्या परक्या राजाला आपला अभिषिक्त म्हटलं. देवाने आपल्या लोकांशी बोलताना नेहमी आपल्याच सभासदांच्या यादीतून माणूस निवडला, असं शास्त्रात कुठेच नाही. बाबासाहेबांना ‘आपला संदेष्टा’ म्हणून कवटाळायची मला घाई नाही. तेही एक हिसकावून घेणंच होईल, आणि त्यांच्या अनुयायांना ते आवडणार नाही. मी एवढंच म्हणतेय की त्या दिवशी सोलापुरात जे बोललं गेलं ते आमोसाच्या पुस्तकाच्या मापात बसतं.

इथे कुणी म्हणेल, तर मग जो कुणी चर्चवर टीका करेल तो देवाचा आवाज का? नाही. आणि याचं उदाहरणही नागपुरातच, त्याच वर्षी सापडतं. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशची राजधानी. त्या सरकारने १९५४मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीची समिती नेमली. १९५६मध्ये तिचा अहवाल आला. त्यातही चर्चवर कडक टीका आहे. शिफारस काय होती? धर्मांतर हाच मुख्य उद्देश असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा, धर्मांतरावर कायद्याने नियंत्रण आणा. पुढे १९६८मध्ये मध्य प्रदेशात तसा कायदा आलाच.

म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी, आपल्याला आणि आपल्याबद्दल दोन अप्रिय गोष्टी. मी त्या कशा वेगळ्या करते? मी बघते की या शब्दामुळे सगळ्यात खालच्या माणसाच्या हातात काही येतं की त्याच्या हातातलं काही जातं. नियोगी अहवालात गरीब आदिवासी हा कुणीतरी फसवलेला, ज्याच्या वतीने सरकारने ठरवावं असा माणूस आहे. बाबासाहेबांच्या टीकेत तोच माणूस उभा राहून जाब विचारतोय. आणि तरीही सांगते, नियोगी अहवालात पैसा, कर्ज, आमिष याबद्दल जे लिहिलंय, त्यातलं जिथे खरं असेल तिथे ते खरंच आहे. शत्रूने सांगितलं म्हणून माप खोटं होत नाही. यिर्मयाचंही बघा. हनन्याने सुटकेची गोड बातमी दिली तेव्हा तो पहिल्यांदा आमेन म्हणाला. तसंच होवो, म्हणाला. त्याला वाईट बातमी सांगण्यात रस नव्हता. ज्याला आपल्याला झोडपण्यात मजा येते, त्याच्याबद्दल मी जरा सावध असते.

आता सगळ्यात अवघड भाग. आजचा.

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला गेला. १९५६मध्ये शीख, १९९०मध्ये बौद्ध आत आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. हा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि चर्चने त्याविरुद्ध आवाज उठवला ते योग्यच. १९८५मध्ये सूसाई नावाच्या, मद्रासला रस्त्याकडेला बसणाऱ्या एका चर्मकार ख्रिस्ती माणसाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय म्हणालं, ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा जाच तितकाच तीव्र राहतो, हे दाखवून द्या. २००७मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने दर्जा धर्मापासून सोडवावा अशी शिफारस केली. २०२२मध्ये पुन्हा नवा आयोग बसला, न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा.

म्हणजे गेली कित्येक दशकं आपण सरकारला आणि न्यायालयाला लिहून देतोय की हो, आमच्यात जात आहे. धर्म बदलला तरी जाच गेलेला नाही. निवेदनावर सह्या, शिक्के, सगळं. आणि रविवारी व्यासपीठावरून? “ख्रिस्तामध्ये यहूदी नाही, हेल्लेणी नाही, आपल्यात जातपात नाही.” टाळ्या. आठवड्याच्या सहा दिवसांचा कागद आणि सातव्या दिवसाचा उपदेश एकमेकांसमोर ठेवून कुणी वाचत नाही. तमिळनाडूत दफनभूमीत भिंत आहे, म्हणून ती दक्षिणेची गोष्ट, असं म्हणून आपण सुटतो. आपल्याकडे भिंत नाही. आपल्याकडे स्थळ बघताना, चहा पिताना, अगदी मऊ आवाजात विचारतात, “पण तुमचं मूळचं आडनाव काय हो?” २०१६मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे कागदावर मान्य केलं. मला ते ऐकणं वाटतं, निदान पहिली पायरी. २०२२मध्ये हैदराबादचे अँथनी पूला कार्डिनल झाले, दलित समाजातले पहिले. १९३८ ते २०२२, हिशोब तुम्हीच करा.

आता यिर्मया ३६. यिर्मयाला मंदिरात यायला बंदी होती. म्हणून त्याने बारूखाला सगळं सांगून गुंडाळीवर लिहून घेतलं, आणि उपासाच्या दिवशी बारूखाने ते लोकांना वाचून दाखवलं. सरदारांनी ऐकलं, घाबरले, बारूखाला म्हणाले, तू आणि यिर्मया लपून राहा. मग गुंडाळी राजापुढे. नववा महिना, थंडीचे दिवस, यहोयाकीम हिवाळी महालात शेगडीपुढे बसलेला. वाचणारा तीन-चार रकाने वाचतो. राजा लेखनिकाचा चाकू घेऊन तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. मग पुढचे तीन-चार रकाने. पुन्हा कापतो, पुन्हा टाकतो. तिघं जण विनवतात, जाळू नका. तो ऐकत नाही.

लक्षात आलं का? त्याने सगळं ऐकलं! वाचन थांबवलं नाही, वाचणाऱ्याला हाकललं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत शांतपणे ऐकलं, हात शेकत. फक्त प्रत्येक तुकडा ऐकून झाला की तो संपवला. मंडळीतही हे होतं, चाकू फक्त वेगळा असतो.

शहरातल्या एका मंडळीतला, नाव घेत नाही, गुरुवारच्या बायबल अभ्यासातला प्रसंग सांगते. एक तरुण मुलगी, बावीस-तेवीसची. तिचे वडील ठेकेदाराकडे गटार साफ करायच्या कामावर. त्यांचा खोकला कित्येक महिने जात नव्हता आणि दर गुरुवारी प्रार्थनेच्या विनंत्यांत त्यांचं नाव असायचं. त्या दिवशी नाव वाचलं गेल्यावर ती म्हणाली, “तुम्ही बाबांच्या खोकल्यासाठी दर आठवड्याला प्रार्थना करता. बाबा त्या गटारात का उतरतात, हे कुणी विचारणार आहे का?”

कुणी रागावलं नाही. दोघी-तिघींचे डोळेही भरले. आणि अभ्यास घेणारे काका म्हणाले, “फार महत्त्वाचा विषय आहे. चला, आपण यासाठी प्रार्थना करू या.” सगळे उभे राहिले. प्रार्थना मनापासून झाली, आमेन झालं, आणि मग चहा आला. आमेननंतर त्या विषयावर बोलायची सोयच उरली नाही, कारण तो आता देवाकडे सोपवला होता. तीन-चार रकाने, कापले, शेगडीत.

काका वाईट माणूस नाहीत, हे मुद्दाम सांगते. आणि प्रार्थनेच्या विरुद्ध मी एक शब्द बोलत नाहीये. पण नहेम्या प्रार्थना करून उठला तो राजाकडे रजा मागायला गेला, आणि रात्री जनावरावर बसून पडलेला कोट बघायला गेला.

पुढे काय झालं तेही सांगते, फार मोठं काही नाही. दोन आठवड्यांनी त्या मंडळीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी त्या मुलीला गाठून विचारलं, बाबांची पगाराची स्लिप मिळते का? पीएफ कापतात का? हातमोजे, बूट, मास्क? काहीच नव्हतं. कायदा २०१३चा आहे. सुरक्षेची साधनं न देता माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास भरपाई ३० लाख केली. पोस्टमास्तरांनी सगळं एका कागदावर लिहून काढलं, आणि तिघं जण वडिलांबरोबर ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. तिघांपैकी एकाने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की घरच्यांना हे पसंत नाही. ठेकेदाराने पहिल्यांदा बसायला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा खुर्च्या दिल्या आणि पुढच्या महिन्यात या म्हणाला. हातमोजे आलेत. पीएफचं अजून काही नाही. मंडळीच्या समितीत हा विषय ‘मंडळीने अशा बाबतीत पडावं का’ म्हणून चर्चेला आला आणि पुढच्या बैठकीवर गेला. मुलगी येते, मागच्या बाकावर बसते, गाणी म्हणत नाही. तिला म्हणा असं कुणी सांगायला जाऊ नये, असं मला वाटतं.

या आठवड्यात घरी किंवा गटात एक करून बघा. यिर्मया ३६ आणि सोलापूरचं भाषण एकाच बैठकीत, एकापाठोपाठ, मोठ्याने वाचा. भाषण संपलं की लगेच प्रार्थना करू नका, गाणं घेऊ नका. पाच मिनिटं नुसते बसा, आणि मग प्रत्येकाने सांगावं की कुठल्या वाक्याला चाकूकडे हात गेला. आमच्या गटात आम्ही हे केलं तेव्हा पाच मिनिटं कुणालाच झेपली नाहीत. दुसऱ्या मिनिटाला एकाने खोकला काढला, तिसऱ्याला कुणीतरी पंखा वाढवला.

यहोयाकीमने जाळलेल्या गुंडाळीचं पुढे काय झालं, ते त्याच अध्यायाच्या शेवटच्या वचनात आहे. बारूख पुन्हा बसला, यिर्मयाने पुन्हा सांगितलं, जळलेलं सगळं पुन्हा लिहिलं गेलं, आणि त्यात तशाच आणखी पुष्कळ गोष्टींची भर पडली.

पोस्टमास्तर काका येत्या मंगळवारी अकरा वाजता पुन्हा ठेकेदाराकडे जाणार आहेत. त्यांनी मला विचारलंय, मी हो म्हटलंय. पुढचा भाग आमोसावर, पंधरा दिवसांनी.